न पाडलेलं भोक

आत्याच्या होडीला एकसष्ट भोकं होती. मी ती दोनदा मोजली. कठड्याच्या खांबांना चोवीस, बाकांना सोळा, छताच्या दांड्यांना आठ, दिव्यांना सहा, नंबराच्या पाटीला चार आणि भोंग्याला तीन. भोंग्याला खरं तर दोन पुरली असती. तिसरं चुकीच्या जागी पाडलं गेलं होतं आणि आत्या त्यात पेन खोचून ठेवायची. ही सगळी भोकं पाण्याच्या रेषेच्या वर होती. रेषेच्या खाली, अगदी मागच्या टोकाला, होडीत साठलेलं पाणी काढून टाकायला एक भोक होतं. ते धरलं तर बासष्ट.

"ते धरायचं नाही," आत्या म्हणाली. "ते भोक नाही, ते बूच आहे."

"बूच भोकातच बसवतात ना, आत्या?"

"मग बूच बसवलं की भोक राहिलं कुठे? एवढी शिकलीस आणि..."

हे वाक्य ती कधी पुरं करायची नाही. माझी पदवी भौतिकशास्त्राची, आणि आत्याच्या समजुतीप्रमाणे भौतिकशास्त्र म्हणजे तारा जोडणं. त्यामुळे बंदर कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा तिने आधी मला फोन केला आणि मग पत्र पुरतं वाचलं.

पत्रात असं होतं की दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या प्रत्येक होडीत खोली मोजायचं यंत्र कायमचं बसवलेलं असलं पाहिजे. तपासणी गुरुवारी सकाळी दहा वाजता. यंत्र नसेल किंवा चुकीचे आकडे दाखवत असेल, तर पुढच्या महिन्यापासून खाडी ओलांडायचा परवाना बंद. परवाना बंद म्हणजे होडी विकायची, हे पत्रात नव्हतं. ते आत्याने मला फोनवर सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका साधा होता की मी त्याच दुपारची गाडी पकडली.

यंत्र तिने आणून ठेवलं होतं. एक पडदा, एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर. सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तळाला आपटून आलेला आवाज ऐकतो आणि मध्ये किती वेळ गेला त्यावरून खोली काढतो. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की होडीच्या तळाला एक्कावन्न मिलिमीटरचं भोक पाडावं. आत्याने पुस्तिका तिथपर्यंतच वाचली होती.

"भोक पडणार नाही," ती म्हणाली. "बाकी काय करायचं ते कर."

कारण मला ठाऊक होतं. धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकालाच ठाऊक होतं. फायबरची होडी आजोबांनी बांधलेली, एकतीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातांनी. आता ते त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचं एकच काम उरलं होतं. धक्क्यावर, होडी बांधायच्या खुंटाशेजारी, खुर्ची टाकून बसायचं आणि होडीत चढणाऱ्या माणसांना सांगायचं:

"एकतीस वर्षं झाली. बुडाला एक भोक नाही."

दिवसाला चौदा फेऱ्या, चौदा वेळा हे वाक्य. नेहमीचे लोक ते येण्याआधीच मान डोलवायचे. आत्याही पलीकडच्या काठावर नव्या माणसाला हेच सांगायची, फक्त ती "आमच्या बाबांनी बांधलीय" एवढं पुढे जोडायची.

मी सोमवारी संध्याकाळी पुस्तिका उरलेली वाचली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दुसरा उपाय होता. फायबर भरीव असेल तर आवाज त्यातून आरपार जातो, आणि सेन्सर आतूनच तळाला चिकटवता येतो. भोक लागत नाही. अट एवढीच की फायबरमध्ये फोम नको. फोम म्हणजे बंदिस्त हवेचे लाखो बुडबुडे, आणि हवेत शिरलेला हा आवाज परत येत नाही.

"आजोबा, तळ भरीव आहे की मध्ये फोम आहे?"

"फोम," आजोबा अभिमानाने म्हणाले. "आत एक पापुद्रा, बाहेर एक पापुद्रा, मध्ये फोम. म्हणून तर हलकी आहे. तेव्हा या किनाऱ्यावर कुणी असं करत नव्हतं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. मधल्या कण्यात लाकूड."

लाकडातूनही आवाज धड जात नाही. पण ऐकलेल्या गोष्टीपेक्षा मोजलेली बरी, म्हणून मंगळवारी सकाळी फेऱ्या सुरू व्हायच्या आधी मी होडीच्या तळाला आतून खडूने चौकोन आखले. बारा रांगा, प्रत्येकीत सहा, एकूण बहात्तर. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात सेन्सर ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं आणि एकेका चौकोनात ती दाबून धरत पडद्याकडे पाहत गेले. होडी धक्क्यालाच होती. खाली किती पाणी आहे ते दोरीला वजन बांधून आधी मोजलं होतं, चार मीटर.

सदतीस चौकोनांपर्यंत पडद्यावर दोन आडव्या रेघा होत्या. यंत्राला काहीच ऐकू येत नसलं की ते दोन आडव्या रेघा दाखवतं.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" मिस्त्रीकाकांनी वरून विचारलं. धक्क्याला लागून त्यांची शेड होती, आणि काठावरच्या सगळ्या होड्यांची डागडुजी तेच करायचे. 

"काही म्हणत नाहीये."

"आमच्या घरी असं एक मशीन पाहिजे होतं."

सातव्या रांगेतल्या दुसऱ्या चौकोनात पिशवी ठेवली आणि पडद्यावर ३.८ आलं.

मला वाटलं, वायर हलली. पिशवी उचलली, रेघा. ठेवली, ३.८. सेन्सर पाण्याखाली वीस सेंटिमीटरवर होता, म्हणजे ३.८ अधिक ०.२ बरोबर चार. मी हे तीनदा केलं. पुढचे चौतीस चौकोनही पुरे केले, कारण अर्धवट मोजणी म्हणजे मोजणीच नाही. सगळीकडे रेघा. बहात्तरातला एक चौकोन बोलत होता.

मी चमच्याने तळ ठोकून पाहिला. इतरत्र रिकाम्या डब्यासारखा आवाज यायचा. त्या चौकोनात फरशी ठोकल्यासारखा. ठोकत ठोकत जिथे आवाज बदलतो तिथे खडूच्या खुणा करत गेले, तर एक गोल तयार झाला. जवळजवळ नीट गोल, एक्केचाळीस सेंटिमीटरचा.

"आत्या! जागा सापडली. इथे फोमच नाही!"

आत्या डिझेलचा कॅन घेऊन येत होती. तिने तो खाली ठेवला, होडीत उतरली, गोलाकडे पाहिलं आणि चपलेने खडू पुसून टाकला.

"इथे नको."

"अगं, पण बहात्तरात ही एकच..."

"तिथे मी पाय ठेवते."

"पाय जरा बाजूला ठेव."

"एकवीस वर्षांची झालीस, अजून वाद घालतेस. मागे बसव. होडीच्या शेपटीला, बाहेरून. भोक न पाडता."

मी मिस्त्रीकाकांकडे वळले. "काका, हा गोल कसला असेल हो?"

मिस्त्रीकाकांनी हात कानामागे नेला. "आं?"

"गोल! तळात!"

"या कानाने हल्ली कमी ऐकू येतं," ते म्हणाले आणि शेडमध्ये गेले. पाच मिनिटांपूर्वी त्यांना याच कानाने, पन्नास पावलांवरून, दुसऱ्या होडीच्या इंजिनातला बिघाड ऐकू आला होता.

दुपारी दोन फेऱ्या बंद ठेवून होडी घसरणीवर ओढली. मिस्त्रीकाकांनी मागच्या बाजूला, बाहेरून, एक फळी रेझिनने चिकटवली आणि मी तिच्यावर सेन्सर अडकवला. एकही स्क्रू लागला नाही. आत्याने आजोबांना मुद्दाम हाक मारून ते दाखवलं. आजोबा खुर्चीतून म्हणाले, "छान. बुडाला एक भोक नाही." ते बोलताना त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि आत्याने फळीकडे.

बुधवारी सकाळच्या पहिल्या फेरीला मी पडद्यासमोर बसले. धक्क्याला उभी असताना होडी ४.१ दाखवत होती. इंजिन सुरू झालं आणि पंख्याचे बुडबुडे सेन्सरखालून वाहायला लागले. १.२. ०.४. रेघा. १७. पुन्हा ०.४. आमच्या खाडीत सतरा मीटर पाणी कुठेही नाही. एका प्रवाशाने पडद्याकडे वाकून पाहिलं, आधी ०.४ मग १७, आणि शांतपणे लाइफ जॅकेट घातलं.

पलीकडच्या काठाला माणसं उतरल्यावर आत्याने इंजिन बंद केलं. परतीच्या फेरीला अजून वेळ होता. होडीत आम्ही दोघीच होतो.

"हे उद्या पास होणार नाही," मी म्हणाले.

"माहितेय."

"मग तो गोल?"

आत्याने भोंग्याच्या तिसऱ्या भोकातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं.

"मी बावीस वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबा चार दिवसांसाठी त्यांच्या बहिणीकडे गेले होते. जाताना बजावून गेले, ओहोटीला खाडीच्या वरच्या अंगाला होडी न्यायची नाही, तिथे जुन्या जाळ्यांचे खुंट आहेत."

"आणि तू नेलीस."

"मला वाटलं, मला खुंट ठाऊक आहेत. सगळे ठाऊकच होते. एक सोडून." तिने पेन परत भोकात खोचलं. "पाणी असं आत आलं, असं! मी ओढणी कोंबली, त्यावर बसले आणि बसल्या बसल्या काठाला आणली. मिस्त्रींच्या हातापाया पडले. तीन दिवसांत त्यांनी सगळं केलं. आतून बाहेरून रंग दिला. बाबा आले, होडीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, सुटले."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर सांगायला लागले. पाच वर्षं झाली, बुडाला एक भोक नाही. त्याआधी कधी बोलले नव्हते गं असं! आता इतकं कौतुकाने सांगतात, तर मी मध्येच कशी सांगू? आज सांगू, उद्या सांगू, सव्वीस वर्षं झाली. शेवटी मीही तेच सांगायला लागले."

मी जे दिसत होतं ते मांडलं. होडीला भोक न पाडता यंत्र बसवायचं असेल, तर संपूर्ण तळात जागा एकच होती, आणि ती जागा होती जिथे होडीला भोक पडलं होतं.

"हसू नकोस," आत्या म्हणाली.

"मी हसत नाहीये."

"तुझ्या बापासारखी हसतेस, आवाज न करता."

परत येऊन आम्ही कामाला लागलो. दुपारच्या फेऱ्या बंद. आत्याने गोलावरचा रंग स्वतः घासून काढला, पॉलिशपेपरने, गुडघ्यांवर बसून. रंगाखालचं फायबर बाजूच्यापेक्षा गडद होतं. धक्क्यावरून दिसू नये म्हणून तिने बाकावर चादर वाळत घातली होती. मिस्त्रीकाकांनी रेझिनच्या डब्यात काडी घालून चहात साखर ढवळतात तसं ढवळायला सुरुवात केली.

"काका, हळू! बुडबुडे होतील. एकही बुडबुडा चालणार नाही."

"सव्वीस वर्षांपूर्वी बुडबुडे चालले होते."

"ऐकू येतंय वाटतं आता?"

"पोरगी तुमच्या घराण्यावर गेलीय," ते आत्याला म्हणाले आणि हळू ढवळायला लागले.

मी सेन्सर रेझिनमध्ये ठेवला आणि खालची हवा कडेने निघून जावी म्हणून दाबून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवला. तीन बुडबुडे बाहेर आले. मग एकही नाही. वर वीट ठेवली. आठ तासांनी घट्ट होईल असं डब्यावर लिहिलं होतं. आम्ही वीट सकाळपर्यंत ठेवली.

तपासनीस गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना आला. तिशीचा, चष्मा लावलेला, पाठीला सॅक. सॅकमध्ये शिशाचं वजन बांधलेली, सेंटिमीटरच्या खुणांची दोरी. मला तो माणूस पाहताक्षणी आवडला, कारण त्याने दोरी आधी ओली केली. कोरड्या आणि ओल्या दोरीची लांबी सारखी नसते.

आजोबा खुर्चीत होते. तपासनीस होडीत उतरताना ते म्हणाले, "एकतीस वर्षं झाली. बुडाला एक भोक नाही."

"वा," तपासनीस म्हणाला आणि भोकं मोजली नाहीत. तो सरळ सेन्सरपाशी गुडघे टेकून बसला. "आतून बसवलाय. चांगलं केलंत." त्याने फाइल उघडली. "पण तुमच्या कागदावर तळ फोमचा लिहिलाय."

"हो," आत्या म्हणाली.

"फोममधून आवाज जात नाही."

"हो."

"मग इथे फोम नाही, हे कशावरून?"

"मी मोजलंय," मी म्हणाले. "बहात्तर ठिकाणी. तक्ता आहे." मी तक्ता दिला. त्याने तो खरंच वाचला, दोन्ही बाजू.

"तक्ता उत्तम आहे. पण याच एका ठिकाणी फोम का नाही, ते मला फॉर्मवर लिहावं लागेल. कलम चौदा. तळाची पूर्वीची दुरुस्ती, असल्यास ठिकाण, वर्ष, थरांची संख्या. खाली होडी बांधणाऱ्याची सही." त्याने वर पाहिलं. "दुरुस्ती झाली नसेल तर 'नाही' लिहितो. पण मग हा सेन्सर ग्राह्य धरता येणार नाही."

खुर्ची आणि होडी यांच्यात सव्वादोन मीटर अंतर होतं. आत्याने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा खाडीकडे. मिस्त्रीकाका शेडच्या दारात कानाला हात लावून उभे होते.

"झालीय," आत्या म्हणाली.

"काय?"

"दुरुस्ती झालीय." मग मोठ्याने, खुर्चीच्या दिशेने, "बाबा, मी वर नेली होती होडी. ओहोटीला. तुम्ही नको म्हणाला होतात. खुंट लागला. माझ्यामुळे लागला."



"वर्ष?" तपासनीसाने विचारलं.

"सव्वीस वर्षांपूर्वी."

"थर किती घातलेत?"

आत्याने मिस्त्रीकाकांकडे पाहिलं. मिस्त्रीकाकांनी आभाळाकडे पाहिलं.

"बारा," आजोबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"बारा थर. हा आठ म्हणत होता, मी म्हटलं बारा. आणि फोम काढून टाक म्हटलं, भरीव कर. पोरगी पुन्हा नेणार, मला माहीत होतं."

"तुम्ही?" आत्या म्हणाली. "तुम्ही तर बहिणीकडे होतात!"

"दुसऱ्याच दिवशी परत आलो. भांडण झालं तिच्याशी. पाहतो तर होडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली. आणि फायबरचं कापड काय या मिस्त्रीला झाडावर मिळणार होतं? कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती."

"मग राहिलात कुठे तीन दिवस?"

"याच्या घरी. याची बायको काय कमी बोलली का मला? स्वतःच्या घरापासून दोनशे पावलांवर पाहुणा म्हणून राहिलो, तुझं काम उरकेपर्यंत."

"ताई, शपथ घातली होती हो तुमच्या बाबांनी," मिस्त्रीकाका दारातून म्हणाले. "आणि त्याआधी तुम्ही. दोन्हीकडून शपथ. माणसाने बहिरं व्हायचं नाही तर काय करायचं?"

आत्या होडीच्या कडेवर बसली. "मग रोज लोकांना काय सांगत होतात? बुडाला भोक नाही, बुडाला भोक नाही!"

"लोकांना कोण सांगतंय?" आजोबा म्हणाले. "तुला सांगत होतो. तू जवळ असलीस की जरा मोठ्याने. म्हटलं, आज तरी बोलेल. तू बोललीस तर नाहीच, उलट तूही तेच सांगायला लागलीस! मग मी कसा थांबणार?"

मी मनात गुणाकार केला. रोज चौदा वेळा, वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं. एक लाख नऊ हजार दोनशे.

"आजोबा," तपासनीस म्हणाला, "कलम चौदा. इथे सही."

"माझी सही? दुरुस्ती याची, भोक हिचं."

"बांधणाऱ्याची लागते."

आत्याने भोंग्याच्या भोकातलं पेन काढलं, धक्क्यावर चढली आणि त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी फॉर्म मांडीवर घेतला, चष्मा लावला, कलम चौदा वाचलं. मग सही करायच्या आधी त्यांनी 'ठिकाण' या शब्दापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: डाव्या अंगाला, सातव्या रांगेत.

सातवी रांग हा माझ्या तक्त्यातला शब्द होता. तो तक्ता त्यांनी कधी पाहिला, मला माहीत नाही. बुधवारी बाकावर चादर होती. मंगळवारी नव्हती.

तपासनीसाने आत्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. होडी खाडीच्या मध्यावर नेली, वेग कमी केला, मग नांगर टाकून थांबवली. आजोबाही आले होते. पुढच्या बाकावर बसले होते, प्रवाशासारखे. तपासनीसाने ओली दोरी सोडली, शिसं तळाला टेकल्यावर ताणून धरली आणि पाण्याच्या रेषेवरची खूण वाचली. मग त्याने पडद्यावरच्या आकड्यात वीस सेंटिमीटर मिळवले आणि दोन्ही आकडे फॉर्मवर एकाखाली एक लिहिले.

दोरी: ५ मीटर ३२ सेंटिमीटर.
यंत्र: ५.३ मीटर.